भाईची निशाणी

१४ फेब्रुवारी २०२२ची सकाळ, साडेनऊ-दहाची वेळ. पणजी शहरातल्या मळा भागात, मतदान केंद्रापासून थोड्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला दोन टेबलं मांडलेली. दोन्हींवर मतदारयादीची पानं, ती उडू नयेत म्हणून वर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि मागे एकमेकांना शाळेपासून ओळखणारी मुलं. ऐंशीच्या घरातली एक आजी रिक्षातून उतरली आणि पदर सावरत पहिल्या टेबलापाशी आली. मुलाने नाव विचारलं, पान उलटलं, ओळीवर बोट ठेवलं आणि पांढऱ्या चिटोऱ्यावर अनुक्रमांक लिहून पुढे केला. आजीने तो घेतला नाही. वाकून, जवळजवळ त्याच्या कानाशी लागून, तिने विचारलं, "भाईची निशाणी खंयची रे पुता?" भाईची निशाणी कुठली, असं.

मुलाने समोरच्या टेबलाकडे पाहिलं. मग आपल्या मागच्या फलकाकडे. मग म्हणाला, "आजी, तिसरी खोली. सोपणां आसात, सवकास वच." पायऱ्या आहेत, सावकाश जा, एवढंच. आजी चिटोरा मुठीत धरून निघाली.

उत्तर त्याला येत होतं. पंचाईत ही की उत्तरं दोन होती.

या टेबलांनाही कायदा आहे. तेव्हा केंद्रापासून दोनशे मीटरच्या आत ती लावता येत नसत. एक टेबल, दोन खुर्च्या, डोक्यावर छत्री किंवा ताडपत्री आणि उमेदवाराचं नाव-निशाणी दाखवणारा एक लहान फलक, एवढीच मुभा. मतदाराला द्यायचा चिटोरा कोरा पांढरा हवा. त्यावर ना नाव, ना निशाणी, ना पक्ष. म्हणजे कागदावरून काही कळायची सोय नाही, जे काय ते तोंडी. आणि केंद्रापासून शंभर मीटरच्या आत तोंडी प्रचारही गुन्हा. तेव्हा विचारायची शेवटची जागा तेच टेबल, हे आजीला बरोबर ठाऊक होतं. १९६३ साली गोव्यात पहिल्यांदा विधानसभेसाठी मतदान झालं तेव्हा तिचं वय विशीत असणार. या कामातला तिचा अनुभव टेबलामागच्या दोन्ही मुलांच्या वयांच्या बेरजेपेक्षा मोठा.

भाई म्हणजे कोण हे पणजीत कुणी सांगावं लागत नाही. १९९४ ला मनोहर पर्रीकर पणजीतून निवडून आले तेव्हा चाळीसांच्या सभागृहात भाजपचे चौघे होते. तिथून पुढे वीस वर्षं या शहरात 'भाई' आणि 'कमळ' हे दोन शब्द एकाच श्वासात यायचे. आजीसारख्या कित्येकींना त्यातला पक्ष कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे वेगळं करण्याची गरज कधी पडली नाही. १७ मार्च २०१९ ला भाई गेले. २०२२ च्या यंत्रावर कमळ होतं बाबूश मोन्सेरात यांच्या नावापुढे, आणि भाईंचे चिरंजीव उत्पल होते अपक्ष. फूल एकीकडे, घर दुसरीकडे. आजीचा प्रश्न वरवर भाबडा वाटतो, पण त्या निवडणुकीवर पेपरांतून जे रकानेच्या रकाने भरून आले त्यांपैकी फार थोड्यांनी तो इतका नेमका विचारला असेल.

अपक्षाची अडचण काय असते तेही सांगायला हवं. त्याला निशाणी मिळते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, मोकळ्या निशाण्यांच्या यादीतून. मग हाती उरतात जेमतेम दोन आठवडे. तेवढ्यात ते चित्र घराघरांत पोहोचवायचं, आणि तेही ज्यांच्या डोळ्यांत वीस वर्षं एकच फूल बसलेलं आहे त्यांच्या घरांत. यंत्रावरचा क्रमही त्याच्या बाजूचा नसतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नुसते नोंदणीकृत पक्षांचे, आणि अपक्ष अगदी खाली. चष्मा घरी विसरलेला माणूस वरून मोजत जातो, ओळखीचं चित्र दिसलं की थांबतो आणि दाबतो. हल्ली निशाणीशेजारी उमेदवाराचा फोटो असतो, पण तो तिकिटाएवढा, आणि २०२२ ला तोही काळा-पांढरा होता. मतदान खोलीतल्या पिवळट उजेडात त्यावरून चेहरा ओळखायला आधी तो चेहरा मनात असावा लागतो.

१० मार्चला निकाल लागला. मोन्सेरात ६,७८७, उत्पल पर्रीकर ६,०७१. फरक ७१६ मतांचा. काँग्रेसच्या वाट्याला तीन हजारांवर मतं गेली, ती वेगळी. आता ७१६ हा आकडा ऐकायला बरा मोठा वाटतो, पण एक मत इकडचं तिकडे गेलं की फरक दोनने बदलतो. म्हणजे ३५९ माणसांनी बटण बदललं असतं तर निकाल उलटा. पणजीत मतदान केंद्रं तीसेक. केंद्रामागे बारा माणसं. लग्नाच्या जेवणात एका पंगतीला याहून जास्त बसतात. फोंड्यात तर रवी नाईक त्याच दिवशी ७७ मतांनी निवडून आले आणि सांत आंद्रेत वीरेश बोरकर ७६ मतांनी. दोन्हीकडे एकोणचाळीस जणांचा हात वेगळ्या बटणावर गेला असता की संपलं. एका कदंब बसमध्ये मावतील एवढी माणसं, त्यांतले दोघे-तिघे उभे. अगदी समसमान मतं पडली असती तर कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकून निवड होते, हेही जाता जाता.

पण आकड्यांची खरी गंमत बेरजेत आहे. मे २०१९ च्या पोटनिवडणुकीत हेच मोन्सेरात काँग्रेसच्या हातावर उभे होते. त्यांना ८,७४८ मतं पडली, आणि भाजपचे सिद्धार्थ कुंकळ्ळ्येकर ६,९९० वर राहिले. दोन महिन्यांच्या आत, जुलैत, काँग्रेसच्या दहा आमदारांनी भाजपची वाट धरली, त्यांत पणजीचे आमदारही होते. म्हणजे २०२२ ला उमेदवार एकाचा आणि निशाणी दुसऱ्याची. हिशेबाने दोघांची मतं एकत्र यायला हवीत, पंधरा हजारांच्या वर. आली ६,७८७. उमेदवाराच्या मागच्या मतांहून कमी आणि निशाणीच्याही मागच्या मतांहून कमी. दुधात ताक ओतलं तर मापात भर पडायला हवी. पण घरात हा प्रयोग एकदा केलेल्या माणसाला ठाऊक असतं की आधी दूध फाटतं.

जिंकलेल्या उमेदवाराने त्याच दिवशी पत्रकारांजवळ नाराजी बोलून दाखवली, की पक्षाच्या माणसांनी आपल्याला मतं दिली नाहीत. जिंकल्यावर रुसलेला माणूस निकालाच्या दिवशी फारसा पाहायला मिळत नाही.

याच्याही मागे जाऊ. फेब्रुवारी २०१७ ला मोन्सेरात पणजीतूनच वेगळ्याच पक्षाच्या तिकिटावर लढले होते. तेव्हा ६,८५५ मतं आणि १,०६९ नी हार. २०१७ ची ६,८५५ आणि २०२२ ची ६,७८७ शेजारी ठेवली की कुणालाही मोह होतो, हे पाहा, माणसाची स्वतःची मतं अडुसष्टाचा फरक सोडला तर जशीच्या तशी आहेत, निशाणी कुठलीही द्या. मोह आवरावा. आकडा तोच असला म्हणून त्याखालची माणसं तीच असतात असं नाही. पाच वर्षांत यादीतली किती नावं वारली, किती नवी चढली, किती जण एका बाजूने बाहेर गेले आणि तेवढेच दुसऱ्या बाजूने आत आले, हे बेरीज सांगत नाही. विहिरीची पातळी तीच दिसते, पाणी मात्र उपसलं जाऊन पुन्हा भरलेलं असतं.

हे थोडंफार कळायचं असेल तर नमुना २० उघडावा लागतो. हा अंतिम निकालाचा तक्ता, केंद्रागणिक मांडलेला: कुठल्या भागात कुणाला किती मतं, 'वरीलपैकी कोणी नाही'ला किती. तो वाचायची एक शिस्त आहे आणि ती मोडली की चांगली चांगली माणसं फसतात. दोन निवडणुकांचे तक्ते शेजारी ठेवण्याआधी केंद्रांचे क्रमांक जुळवून घ्यायचे, कारण मध्ये एखादं सहायक केंद्र निघालं की पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि तुम्ही भाटल्याची तुलना भलत्याच वाड्याशी करत बसता. टपाली मतं केंद्रांत वाटलेली नसतात, ती शेवटी एका रकमेत येतात, ती आधी बाजूला काढायची. मग एकूण मतदान किती वाढलं-घटलं ते पाहायचं, आणि त्यानंतरच पक्षांच्या रकान्याला हात घालायचा. सर्रास होणारी चूक अशी, की एका रकान्यातले चाळीस कमी झाले, शेजारच्यात चाळीस वाढले, म्हणून तेच चाळीस तिकडे गेले असं धरून चालणं. शहरात तर हे धरूच नये. जुन्या घरात आता फक्त आई-वडील असतात, मुलगा-सून पर्वरीला नाहीतर ताळगावच्या फ्लॅटमध्ये, पण मत मळ्यातच ठेवलेलं. पत्ता बदलायचा नमुना ८ भरायचा आळस म्हणा, की मुळाची ओढ म्हणा. अशी मंडळी एका निवडणुकीला येतात, दुसरीला रविवारच्या बाजारातून परतताना उशीर झाला म्हणून राहतात. चाळिसातली पंचवीस ही अशी गैरहजर असू शकतात. त्यांची निष्ठा जागेवरच आहे, हलली ती फक्त गाडी.

गोव्यात केंद्रंही लहान. २०२२ ला राज्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार आणि सतराशेवर केंद्रं, म्हणजे केंद्रामागे सातशेहून कमी नावं. त्यांतले पाचशेवर मत देणार. एवढ्याशा तक्त्यात मत गुप्त राहतं ते कागदावर. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळायची सोय नियमांत होती. यंत्रं आली आणि ती सोय गेली. बऱ्याच यंत्रांची बेरीज एकदमच दाखवणारं उपकरण वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ ला सुचवलं, २०१५ ला विधी आयोगानेही शिफारस केली, सरकारने मान्य केलं नाही. परिणाम असा, की निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुठल्या वाड्याने दगा दिला हे नावानिशी नसलं तरी गल्लीनिशी कळतं. आणि मग त्या गल्लीतलं गटार पुढच्या पावसाळ्याआधी उपसलं जाईल की नाही, याची चर्चा न्हाव्याच्या दुकानात सुरू होते. उपसलं जातंही बहुतेक वेळा. पण चर्चा होते हे पुरेसं असतं.

म्हणूनच बाहेरच्यांनी गोव्यातल्या शहरी मतदाराला मुंबई-पुण्याच्या मापाने मोजू नये. तिथे एका आमदारामागे काही लाख मतदार. पणजीत बावीस हजारांच्या घरात. इथे आमदार हा टीव्हीवरचा माणूस नसतो. तो चवथीला दारात येतो, बाराव्याला येऊन खुर्चीवर बसून जातो, बांबोळीच्या इस्पितळात खाट मिळत नसली तर त्याच्या माणसाला फोन जातो. घरपट्टीतलं नाव बदलणं, पाण्याचं कनेक्शन, मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकणं, सगळं त्याच्या ओसरीवर, सकाळी आठला. ज्याच्या ओसरीवर आपण बसलो त्याला मत द्यायचं, ही निष्ठा हिणकस आहे असं म्हणणं सोपं आहे. पण ओसरीवर न बसताही काम व्हावं अशी व्यवस्था ज्यांनी उभी करायची त्यांनी ती केली नाही, हे त्यासोबतच म्हणावं लागेल.

मडगावचं उदाहरण घ्या. दिगंबर कामत तिथून १९९४ ला कमळावर निवडून आले. २००५ ला त्यांनी भाजप सोडला, हातावर गेले, २००७ ला मुख्यमंत्री झाले. २०२२ ला पुन्हा हातावरच जिंकले आणि त्या सप्टेंबरात कमळाकडे परतले. या सगळ्या काळात मडगावकर काय करत होते? त्याच माणसाला निवडून देत होते. फोंड्याच्या रवी नाईकांची वाट याहून वळणावळणाची: महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष म्हणजे मगो, काँग्रेस, भाजप, परत काँग्रेस, परत भाजप. तिथल्या एखाद्या घराने त्यांना दर वेळी मत दिलं असेल तर पक्षनिष्ठेच्या तक्त्यात ते घर पुन्हा पुन्हा फुटलेलं दिसेल. घरातल्यांना विचारा, म्हणतील, आम्ही कुठे हललो? आणि म्हापशात फ्रान्सिस डिसोझा १९९९ पासून जाईपर्यंत निवडून येत राहिले. फेब्रुवारी २०१९ ला ते गेले, पक्षाने मुलाला, जोशुआला, तिकीट दिलं आणि म्हापशाने ते मानून घेतलं. तिथे फूल आणि घर एकत्रच राहिलं. त्या गावातल्या कुणा आजीला टेबलाशी वाकून काही विचारावं लागलं नसेल. तेच वर्ष, महिना एखादा इकडेतिकडे, पणजीत मात्र घर बाजूला राहिलं.

माणूस हलतो तेव्हा तो किती जणांना घेऊन हलतो यालाही गणित आहे. पक्षांतर कायद्यातून सुटायचं तर विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सोबत हवेत. पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, २००३ च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली. २०१९ ला काँग्रेसचे पंधरा होते, हलले दहा. २०२२ ला अकरा होते, दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक काहीतरी, म्हणून आठ. एकही कमी चालला नसता आणि एकाही जादाची गरज नव्हती. त्याच वर्षाच्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या आणाभाका घ्यायला लावल्या होत्या. फेब्रुवारीत मतदान, १४ सप्टेंबरला पक्षांतर. मतदानाच्या दिवसापासून मोजलं तर बरोबर सात महिने. तीन देवांना साक्षी ठेवलं होतं. चौथं दोन तृतीयांशाचं कलम, आणि ते जागृत निघालं.

मग मतदाराने निष्ठा ठेवायची ती कशाशी? मराठी वाचणाऱ्या गोमंतकीयाला हा प्रश्न नवा नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल होतं आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, पानांना १,७२,१९१. हरलेल्या फुलाच्या घरांत त्यानंतरही मगोच्या भाऊसाहेब बांदोडकरांचा आणि मग त्यांच्या कन्या शशिकलाताईंचा सिंह वर्षानुवर्षं चालला. १९९४ ला मगोशी युती झाली, सिंहाच्या घरांनी काही मतदारसंघांत कमळाचं बटण, म्हणजे तेव्हाचा शिक्का, पहिल्यांदा मारून पाहिला आणि हाताला सवय झाली. युतीत लहान भाऊ म्हणून आलेला पाहुणा पुढे स्वयंपाकघरापर्यंत गेला तो असा. पुढे प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा वाद पेटला. इंग्रजी शाळांचं अनुदान बंद करा म्हणत जे रस्त्यावर उतरले होते, त्यांना २०१२ नंतरही अनुदान चालूच राहिलेलं दिसलं. संघाच्या शिस्तीत वाढलेली माणसं २०१६ ला उघड दुभंगली, गोवा सुरक्षा मंच निघाला. २०१७ ला भाजप एकवीसवरून तेरावर आला आणि मंचाला एकही जागा मिळाली नाही. तो राग खरा होता, घरोघरी ऐकू येत होता, पण नव्या निशाणीपर्यंत पोहोचला नाही. वाटेतच कुठेतरी, जुन्याच ओळखीच्या कुणाच्या तरी ओसरीवर तो थांबला असावा, किंवा घरातच बसून राहिला असावा. नमुना २० मध्ये घरी बसलेल्या रागाला रकाना नाही.

टेबलामागच्या मुलाकडे मात्र रकाने असतात. मतदारयादीच्या एका पानावर तीसेक नावं. ज्याच्याकडे ते पान, तो त्या पानाचा प्रमुख. प्रचाराच्या पहिल्या फेरीत प्रत्येक नावापुढे खूण होते. आपलं असेल तर बरोबर, पलीकडचं असेल तर फुली, आणि नक्की नसेल तर प्रश्नचिन्ह. दुसऱ्या फेरीत फक्त प्रश्नचिन्हांची घरं. मतदानाच्या दिवशी नाव आलं की त्यावर रेघ. दुपारी तीनला रेघ नसलेली 'बरोबर'ची नावं शोधून त्यांच्या घरी रिक्षा पाठवायची, आणि फुल्यांना झोपू द्यायचं. चुकतं कुठे, तर मुलं पहिल्या फेरीत मागच्या निवडणुकीच्या खुणाच उतरवून काढतात. वरच्यांना पान हिरवंगार दिसतं. २०२२ ला पणजीत अशी किती पानं जुन्या खुणांवर चालली असतील ते त्या ७१६ मध्ये कुठेतरी असणार.

आजी वीसेक मिनिटांनी बाहेर आली. शाई लुगड्याला लागू नये म्हणून डावं बोट अंगापासून लांब धरलेलं. आत यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग तुटून पेटीत पडते. तेवढ्यात तिने काय पाहिलं ते तिचं तिला ठाऊक. समोरच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "जालें गे आजी?" ती म्हणाली, "जालें." पहिल्या टेबलावरच्या मुलानेही विचारलं. त्यालाही तेच, तेवढ्याच आवाजात. मग रिक्षा येईपर्यंत ती दोन टेबलांच्या मधोमध, सावली होती म्हणून, उभी राहिली.

मुलाच्या पुढ्यातल्या पानावर तिच्या नावापुढे निळ्या शाईत बरोबरची खूण होती, जुनीच उतरवून घेतलेली. त्याने नावावर रेघ मारली. पेन उचललं नाही. थोडा वेळ तसंच धरून मग बरोबरच्या त्या खुणेवरच त्याने प्रश्नचिन्ह काढलं, अगदी बारीक, आणि पान उलटलं.